मागच्या सीटवरचा धूर

दशरथभाऊ,

परवा तुमच्या माघारी तुमच्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा मी पुसदला आले होते. बायकांमध्ये, भिंतीला टेकून बसले होते. तुमच्याबद्दल बरीच माणसं बोलली. कोणी फौजेतल्या दिवसांबद्दल बोललं, कोणी बसथांब्याजवळच्या तुमच्या दुकानाबद्दल, कोणी तुमच्या तिखट जिभेबद्दल. सगळं खरंच होतं. पण ढाणकीच्या आमच्या अंगणातली ती संध्याकाळ तिथे कोणाला ठाऊक नव्हती, आणि मला उठून बोलता आलं नाही. यमुनावहिनी मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. नवऱ्याबद्दल ही बाई काहीतरी सांगेल असं त्यांना वाटलं असावं. मी नुसती बसून राहिले आणि निघून आले. म्हणून आता घरी बसून थेट तुमच्याशीच बोलते आहे.

लग्न होऊन ढाणकीला आले तेव्हा पहिले कित्येक महिने मी तुमची फक्त मान पाहिली. खाकी सदऱ्याची कॉलर, वर बारीक कापलेले केस, आणि डाव्या कानामागे अडकवलेली अर्धी विडी. माझ्या सासऱ्यांची ती काळी विलायती मोटार तुम्ही चालवायचात. कोण्या इंग्रज साहेबानं देश सोडून जाताना विकून टाकलेली, तेव्हाही जुनीच होती. तुम्ही पुढे, तुमच्या शेजारी माझे यजमान, आणि मी मागे एकटी. मागच्या काचा वर आणि त्यांवर जाड पडदे ओढलेले. घरातल्या सुनेनं मोटारीत तसंच बसायचं, असा सासूबाईंचा दंडक होता. पुढच्या काचा मात्र खाली, कारण तुम्हाला वळताना हात बाहेर काढावा लागे आणि ह्यांना वारा लागे.

पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हाच ते सुरू झालं. माझं माहेर बाभुळगावचं, म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडून जायचं. उमरखेड गेलं, पुसद गेलं, आणि डोकं ठणकायला लागलं. कानात घूं घूं आवाज येऊ लागला. दिग्रस सोडल्यावर मी सीटवर आडवी झाले आणि पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी रस्त्याकडेला झाडाखाली होते, नाकाशी फोडलेला कांदा होता, आणि हे घाबरून माझ्या तोंडावर पाणी मारत होते. तुम्ही थोडे लांब उभे होतात. माझा पदर ढळला होता आणि तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतात. मला तुमचा राग आला. तुम्ही काय बघत होतात ते मला फार नंतर कळलं.

बाभुळगावला मला उचलूनच आत न्यावं लागलं, आणि येतानाही तसंच झालं. मग यवतमाळला एका लग्नाला गेलो तेव्हा पुन्हा. घरी, शेतात, विहिरीवर, चुलीपुढे मला कधी काही झालं नाही. पण मोटारीतून उतरताना मी दोनदा दारातच कोसळले आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पाहिलं. सासूबाई एकदा ह्यांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "मिरगी हाय पोरीले. लग्नाच्या आंधी सांगतलं नाही त्याइनं."

मिरगी म्हणजे फेफरं, म्हणून पुसदच्या डॉक्टरांना दाखवलं. भला माणूस होता. सगळं तपासून म्हणाला की मला आजार काही सापडत नाही, पण फिट येताना मी समोर नव्हतो, तेव्हा नाही असंही सांगता येत नाही. त्यानं ताकदीचं औषध दिलं. घरी येताना मी पुन्हा आडवी झाले, आणि मग त्या औषधाचा विषयच संपला. दिवाळी झाली की मला बाभुळगावला पोचवायचं ठरलं. "राहू दे तिले तिकडं काही दिवस, पाहू मंग," असं सासरे म्हणाले. 'पाहू मंग' म्हणजे काय, ते मला कळत होतं आणि ह्यांनाही कळत होतं. पण वडिलांपुढे बोलायची ह्यांना तेव्हा सवय नव्हती.

तुमचंही त्या दिवसांत बरं चाललं नव्हतं. मोटार भलतंच पेट्रोल पीत होती. पूर्वी भरलेल्या टाकीत जायचं आणि यायचं होई, आता जाताजाताच काटा खाली बसे. एकदा जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी तुम्हाला अंगणात बोलावलं. मी माजघरात होते.

"दशरथ, मोटार पिते का कोणी विकते?"

तुम्ही एकदा मोटारीकडे पाहिलंत. मग म्हणालात, "मालक, धूर काळा येऊन राह्यला. जे पिते ते जाळून नाही राह्यली ती. मले दोन दिवस द्या."

पुढचे दोन दिवस मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुम्हाला बघत होते. तुम्ही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. चुलीच्या भांड्याचं बूड असतं तशी काजळी त्यांच्यावर होती. ती खरवडलीत. हवेची जाळी काढून धुतलीत. हवा कमी करणाऱ्या चोकची तार अडकते का ते पुन्हा पुन्हा ओढून पाहिलंत. सगळं जोडून मोटार सुरू केलीत, मागे जाऊन उभे राहिलात, आणि धूर पहिल्यासारखाच काळा आला. तुम्ही कानामागची विडी काढून पेटवलीत आणि बोनेटकडे पाठ करून बसलात. मला तुमची कीव आली. तुमच्यावर चोरीचा वहीम होता आणि माझ्यावर आजाराचा, आणि दोघांनाही नाही म्हणण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

मग त्या दिवशी उमरखेडच्या वाटेवर तुम्ही मोटार थांबवलीत. आम्हाला मामेसासऱ्यांकडे नेऊन परत आणत होतात. रेडिएटरला पाणी हवं म्हणून ह्यांना डबा देऊन ओढ्याकडे पाठवलंत. हे खाली उतरले, आणि तुम्ही मागच्या काचेपाशी येऊन, तोंड दुसरीकडे करून उभे राहिलात.

"बाई, एक इचारू का?"

मी आतून "हं" म्हटलं.

"घरी कधी होते का हे असं? कामात, चुलीपुढं?"

"नाही."

"बैलगाडीत?"

"कधीच नाही. मोटारीतच होतं."

"त्या वक्ताले तोंडात चव कशी येते?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. मी म्हटलं, "धुराची. आणि पेट्रोलचा वास येतो. मोटार बंद असली तरी येतो. आत्ताही येतो आहे."

"बंद असतानाबी येते?"

"हो. उभी असते तेव्हाही."

तुम्ही वाकून मोटारीच्या बुडाकडे पाहिलंत. मग म्हणालात, "पडदा सारा अन् दोनी काचा खाली घ्या. घरी कोणी बोललं तं मी हाय ना. सांगतो, दशरथनं घ्यायले लावल्या म्हणून."

मी काचा खाली घेतल्या. हे परत आले, काचांकडे पाहिलं आणि पुढे जाऊन बसले. ढाणकी येईपर्यंत मी पडद्याशिवाय बसले आणि तुरीची शेतं बघत आले. डोकं जरा जड होतं, एवढंच. मी आपल्या पायांनी उतरले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागची सीट उचलून बाहेर काढलीत. खालची लाकडी फळी कुजली होती आणि तिच्या फटींभोवती काजळी बसली होती. मग मोटारीखाली सरपटत गेलात. धूर मागे नेणारा नळ बरोबर त्या फळीखालीच चिरला होता. बाहेर येऊन तुम्ही तसेच, पाठीला माती लागलेली, सासऱ्यांपुढे जाऊन उभे राहिलात.

"मालक, ही मोटार बाईले मारून राह्यली."

मग तुम्ही समजावून सांगितलंत. इंजिनात पेट्रोल जास्त जातं आणि त्या मानानं हवा कमी पडते. ते पुरतं जळत नाही. अर्धवट जळालेल्याचा जो धूर निघतो त्यात विष असतं, आणि काळा दिसतो त्यापेक्षा न दिसणारा भाग जास्त वाईट. तो मागून बाहेर जायचा तर नळ चिरल्यामुळे फळीतून आत येतो. काचा बंद, पडदे बंद, त्यामुळे मागे बसलेल्या माणसाच्या छातीत साठतो. पुढे बसणाऱ्याला काही कळत नाही. फौजेतली गोष्टही तुम्ही तेव्हा सांगितलीत. थंडीच्या दिवसांत तुमच्याबरोबरचा एक जवान शेडची दारं लावून, इंजिन चालू ठेवून, उबेला झोपला होता. "सकाळी पाह्यलं तं गालावर लाली होती, जिवंत माणसावानी. अन् अंग थंडगार. दिग्रसच्या रस्त्यावर बाईच्या गालावर तशीच लाली होती. चक्कर आलेलं माणूस पांढरं पडते, मालक. लाल नाही होत."

माझ्या चेहऱ्याकडे तुम्ही का बघत होतात, ते मला तेव्हा कळलं.

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "पेट्रोल कुठं जाते ते सांगता नाही येत, म्हणून धुराची कहाणी काढली यानं."

सासरे विचारात पडले होते. वाईट माणूस नव्हते ते, पण बायकोचं म्हणणं खोडून काढायचं तर त्यांना काहीतरी हातात लागत असे. ते म्हणाले, "मोटार दुरुस्त करायची तं कर. पण मोटारीचं वेगळं अन् मिरगीचं वेगळं."

"वेगळं नाही, मालक."

"हे कसं समजावं आम्ही?"

"आज दुरुस्त नाही करत. आज मी बसतो मांगं."

या गोष्टीवरून मी पुढे तुमच्याशी कितीदा भांडले. एखादी कोंबडी ठेवायची होती आत, असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायचात, कोंबडी मेली असती तर घरच्यांनी म्हटलं असतं की कोंबडीच आजारी होती. ते खरं असेल. तरी तुमच्या घरी तेव्हा यमुनावहिनींना दिवस गेले होते, आणि ते तुम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते नंतर वहिनींकडून कळलं. ते काढलं की तुम्ही विषय बदलायचात.

ऊन उतरलं होतं. तुम्ही सीट परत बसवलीत, इंजिन सुरू केलंत, आणि ह्यांना बोलावलंत. "मी मांगं बसतो. काचा लावतो, पडदे लावतो. ह्या काचेवर, पडद्याच्या फटीतून, हात ठेवून राहीन. हात दिसला तं समजा मी हाय. हात खाली गेला का दार उघडायचं. इचार करत उभं नाही राह्यचं."

हे म्हणाले, "दशरथ, कायले करतं हे?"

"बाईले तुमी दर खेपेले बसवता. मी एक डाव बसतो."

तुम्ही आत गेलात. दार लागलं. अंगणात सासरे खाटेवर, सासूबाई दारात, मी त्यांच्या मागे. इंजिन धडधडत होतं आणि मागून काळा धूर कुंपणापर्यंत जात होता. काचेवर तुमचा तळवा दिसत होता, ग्रीसनं काळा झालेला. आधी वाटलं की काहीच होणार नाही. मग बोटं जरा हलली. मग तळवा तिरका झाला. सासरे खाटेवरून उठले होते. मी ह्यांच्याकडे बघत होते, हे काचेकडे बघत होते. हात हळूहळू घसरत खाली गेला.

ह्यांनी दार उघडलं. मी ह्यांना एवढ्या चपळाईनं काही करताना पूर्वी पाहिलं नव्हतं. तुमच्या काखेत हात घालून ह्यांनी तुम्हाला बाहेर ओढलं आणि जमिनीवर निजवलं, इंजिन बंद केलं. तुमचे डोळे अर्धे उघडे होते. गालांवर लाली होती. मग तुम्ही कुशीवर वळून ओकलात, आणि सासरे मोठ्यानं म्हणाले, "हाय, जिवंत हाय." ते कोणाला सांगत होते कोण जाणे. आम्ही सगळे तिथेच होतो.

मी लोटाभर पाणी आणलं आणि तुमच्या हातात दिलं. वरून ओतलं नाही, हातात दिलं. तुम्ही लोटा तोंडाला लावून प्यालात. सासूबाई बघत होत्या. बऱ्याच वेळानं, तुम्ही उठून बसल्यावर, दाराच्या चौकटीला धरून त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "मांगच्या साली पुसदच्या बाजारले गेलतो मोटारीत, तवा माह्यंबी डोकं असंच धरलं होतं. मले वाटलं मोटार मानवत नाही. तवापासून बसलीच नाही मी."

एवढंच. पण त्या दिवसानंतर आमच्या घरात मिरगी हा शब्द कोणी काढला नाही.

दुरुस्तीला मात्र पुढचे काही दिवस लागले, आणि तिथून तुमचा माझा खरा वाद सुरू झाला. नळाची चीर तुम्ही पत्रा बांधून बंद केलीत, सुताराकडून फळी बदललीत. पण पेट्रोल जास्त का जातं, ते सापडत नव्हतं. तुमचं म्हणणं होतं की कार्बोरेटरमधली जेटं, म्हणजे पेट्रोल ज्यांतून फवारतं ती बारीक भोकं, झिजून मोठी झाली असणार. नवीन जेटं नागपूरहून मागवावी लागणार होती. फौजेत याला रिच मिक्चर म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत. मी मॅट्रिकपर्यंत यवतमाळला शिकले होते, मला रिचचा अर्थ ठाऊक होता. मी म्हटलं, "म्हणजे श्रीमंत मिश्रण." तुम्ही माजघराकडे नजर टाकून हळूच म्हणालात, "मंग याच घरची मोटार शोभते." मी पदर तोंडाला लावून हसले. तुमच्याशी हसण्याची ती पहिली वेळ.

मी तेव्हा ओट्यापर्यंत येऊन बोलू लागले होते. मी म्हटलं, "जेटं झिजली असती तर मोटार चालताना जास्त पेट्रोल गेलं असतं. उभी असताना वास का येतो?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग कार्बोरेटरकडे. पाना उचललात आणि त्याची वाटी उघडलीत. या वाटीत पेट्रोल साठतं आणि त्यावर पितळेची पोकळ डबी तरंगते, तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल पुरेसं भरलं की डबी वर येते आणि येणारी वाट बंद करते. हे तुम्हीच मला शिकवलंत. तुम्ही ती डबी कानाशी धरून हलवलीत आणि मग माझ्यापुढे धरलीत. आत पेट्रोल डुचमळत होतं. डबीला कुठेतरी भोक पडलं होतं. ती भरून जड झाली होती आणि बुडत होती, म्हणून वाट कधी पुरती बंद होतच नव्हती. वाटी ओसंडत होती. मोटार उभी असताना वास येत होता तो त्याचा.

तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात की वाटी तुम्ही त्या दिवशी उघडणारच होतात. मी म्हणत राहिले की मी बोलले म्हणून उघडलीत. पुसदच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोरही आपण यावरून बोललो आहोत. तो वाद तसाच राहिला. आता मला एकटीला जिंकता येईल, पण त्यात काही गंमत नाही.

भोक डोळ्यांना दिसत नव्हतं. तुम्ही गरम पाणी मागितलंत आणि चूल लांब आहे ना, याची खात्री करून घेतलीत. मी घमेल्यात कढत पाणी आणून दिलं. डबी पाण्याखाली दाबल्याबरोबर सांध्यापासून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. ती थांबेपर्यंत तुम्ही डबी धरून ठेवलीत. आतलं सगळं पेट्रोल उडून गेल्याशिवाय तिला आगीजवळ न्यायचं नाही, म्हणालात. मग तुम्ही ती बाजारातल्या सोनाराकडे नेलीत. त्यानं फुंकणीनं झाळून भोक बुजवून दिलं. आणल्यावर मी पाहिलं तर सांध्यावर डाळीएवढा धातूचा डाग होता. मी म्हटलं, हे वजन वाढलं, डबी पुन्हा खालीच बसणार. तुम्ही म्हणालात, "सोनाराचं काम हाय बाई ते." मोटार सुरू झाली, धूर कमी झाला, पण गेला नाही. तुम्ही डबी काढलीत आणि बारीक कानस घेऊन तो डाग उतरवत बसलात. थोडं घासायचं, बसवायचं, मागे जाऊन धूर बघायचा, पुन्हा काढायचं. संध्याकाळी मोटारीमागे नुसती हवा थरथरताना दिसत होती. काही दिवस चालवल्यावर तुम्ही प्लग काढून मला दाखवलेत. काजळी नव्हती. चहाच्या रंगाचे झाले होते.

दिवाळीनंतर मी बाभुळगावला गेले. काचा खाली होत्या. सासूबाईंनीच पडदे काढून घडी करून ठेवले होते. मला आडवं व्हावं लागलं नाही. आईनं मला दारातून चालत येताना पाहिलं आणि आधी तुमच्याकडे बघितलं, कारण मागच्या खेपेला तुम्ही आणि ह्यांनीच मला उचलून आत आणलं होतं. ठरलेल्या दिवशी तुम्ही मला न्यायला आलात आणि मी सासरी परत आले. माझ्या आयुष्यात जे पुढे घडलं, दोन मुलं, हे घर, ह्यांचा बदललेला स्वभाव, ते सगळं त्या परतण्याच्या पलीकडचं आहे.

म्हणूनच तुम्ही नोकरी सोडलीत तेव्हा मला ते पटेना. सासरे तुम्हाला राहा म्हणत होते. पेट्रोलची गोष्ट त्यांनी सगळ्यांसमोर मागे घेतली होती. मी तुम्हाला अंगणात गाठलं आणि म्हटलं, आता या घरात तुमचा मान आहे, आता कशाला जाता?

तुम्ही सावकाश सांगितलंत. "बाई, त्या दिवशी तुमी लोटा हातात देला. मी प्यालो. दुसऱ्या दिवशी तो लोटा इस्तवात लाल होईपर्यंत तापवला, ते मी पाह्यलं. नागपूरले जाऊन आलो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या काही मोटारीत बसून इसरासाठी नाही घेतल्या."

सासूबाईंनी तो लोटा शुद्ध करायला विस्तवात टाकलेला मीही पाहिला होता. तुम्हीही पाहिला हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "माणसं हळूहळू बदलतात, दशरथभाऊ." तुम्ही म्हणालात, "बदलू द्या. मी पुसदले जाऊन वाट पाहीन." हे तुम्ही रागानं म्हणाला नाहीत. मी थांबवत राहिले, तुम्ही गेलात. आता तुमचं दुकान, तुमची दुकानात शिकून तयार झालेली माणसं, तुमचं स्वतःचं घर बघते तेव्हा वाटतं, तुमचं बरोबर होतं. हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं. पुसदला आले की मी दुकानात यायची, तुमच्याशी जेटांवरून आणि कोंबडीवरून भांडायची, वहिनींच्या हातचा चहा प्यायची, आणि हे सांगायचं राहून जायचं.

आणखी एक राहिलं. तुम्ही त्या सीटवर बसलात त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असतात की मी माझ्यावरचा चोरीचा वहीम घालवायला बसलो. ते अर्धं खरं असेलही. उरलेल्या अर्ध्यासाठी मानते.

तुमच्या जाण्याची बातमी ढाणकीला बसच्या ड्रायव्हरनं आणली. दुपारची वेळ होती. हे बाहेर गेले होते, म्हणून त्यानं मला सांगितलं. मी स्वयंपाकघरात येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या आता फार थकल्या आहेत, कमी ऐकू येतं, म्हणून मला दोनदा सांगावं लागलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी हातातली काडी परातीत ठेवली, भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि न्हाणीकडे गेल्या. मला वाटलं पाय धुवायला गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या त्या डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या केसांनी, धुतलेलं लुगडं नेसून.

आमच्यात घरचं माणूस गेलं तरच असं पाणी घेतात. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "पाहून काय राह्यली? चुलीवरचं उतरव. आज संध्याकाळी आपल्याकडं स्वयंपाक नाही."

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, हे असलं तुमचं काही आम्ही मानत नाही. मी म्हटलं असतं, नका मानू. मी चुलीवरचं उतरवलं.